जुना लॅपटॉप सुरूच होत नाही: दुरुस्त करावा की नाही, हे कसे ठरवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१७ मध्ये घेतलेला, आय५-७२००यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबी हार्डडिस्क असलेला लॅपटॉप अचानक बंद पडला आहे. बटण दाबल्यावर दिवा लागत नाही आणि पंखाही फिरत नाही. एका दुकानात "मदरबोर्ड गेला, बदलायला साडेनऊ हजार लागतील" असे सांगितले, तर दुसऱ्या दुकानात "एवढ्या जुन्या लॅपटॉपवर खर्च करू नका, नवीन घ्या" असा सल्ला मिळाला. लॅपटॉपमध्ये घरच्या व्यवसायाचे टॅलीतले हिशेब आणि अनेक वर्षांचे फोटो आहेत, शिवाय मुलीला अभ्यासासाठी लॅपटॉप हवा आहे.

दोन्ही दुकानांनी आपल्याला निर्णय सांगितला आहे. बिघाड नेमका कुठे आहे, हे मात्र कोणीच सांगितलेले नाही. लॅपटॉप जुना आहे एवढ्यावरून तो टाकून देणे जितके चुकीचे, तितकेच बिघाड न शोधता बोर्ड बदलणेही चुकीचे आहे. न सुरू होणाऱ्या लॅपटॉपमागे साधा अडॅप्टर असू शकतो, काही रुपयांचा शॉर्ट झालेला कपॅसिटर, म्हणजे विजेचा साठा करणारा बारीक भाग, असू शकतो किंवा खरोखरच निकामी झालेला प्रोसेसर असू शकतो. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतात. म्हणून निर्णय शेवटी घ्यावा. त्याआधी आपली माहिती सुरक्षित करावी आणि मग बिघाडाचे निदान करून घ्यावे.

माहितीचा विचार आधी करण्याचे कारण असे की, हिशेब आणि फोटो अडकलेले असताना माणूस यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त पैसे द्यायला तयार होतो, आणि दुकानदारालाही ते कळते. आपल्या लॅपटॉपमधली हार्डडिस्क ही २.५ इंची, साटा जोडणीची डिस्क असणार. मागचे झाकण उघडून ती काढता येते आणि काही शे रुपयांच्या यूएसबी केसिंगमध्ये बसवून कोणत्याही दुसऱ्या संगणकाला जोडता येते. लॅपटॉप सुरू होत नाही याचा डिस्कशी बहुतेक वेळा काहीही संबंध नसतो, त्यामुळे टॅलीचे डेटा फोल्डर आणि फोटो जसेच्या तसे मिळण्याची शक्यता चांगली आहे. जोडल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली, तर डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सुरक्षा सोयीने कुलूपबंद आहे असे समजावे. विंडोजमध्ये ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत होता, त्या खात्याच्या संकेतस्थळावर ती की बहुधा साठवलेली असते. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र ती पुन्हा पुन्हा जोडून पाहू नये. ते काम माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्यावे, कारण प्रत्येक प्रयत्नाने नुकसान वाढते.

काही यंत्रांत मात्र ही सोय नसते. स्वस्त लहान लॅपटॉपांमध्ये साठवण बोर्डावरच डकवलेली असते, आणि २०१८ पासूनच्या टी२ ही सुरक्षा चिप असलेल्या मॅकबुकमध्ये तर ती त्या बोर्डाशी कूटबद्धही केलेली असते. तिथे माहिती हवी असेल तर तोच बोर्ड जिवंत करावा लागतो. मग दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीशी ताडून उपयोग नाही, माहिती आपल्याला किती मोलाची आहे याच्याशी ताडावा लागतो. आपल्या बाबतीत ही अडचण नाही. एकदा डिस्क काढली की ती घरीच ठेवावी. लॅपटॉपला वीज मिळते की नाही आणि पडद्यावर बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम, दिसतो की नाही, हे तपासायला तंत्रज्ञाला आपल्या डिस्कची गरज नसते. बँकेची कागदपत्रे, आधार आणि पॅनच्या प्रती असलेली डिस्क आठवडाभर परक्या टेबलावर ठेवण्याचे काही कारण नाही.

आता बिघाडाकडे वळू. दुकानात जाण्याआधी घरी तीन गोष्टी तपासता येतात, आणि त्यांतली पहिली अडॅप्टरची आहे. अडॅप्टरवरचा हिरवा दिवा लागतो म्हणून अडॅप्टर चांगला आहे, असा निष्कर्ष काढू नये. दिवा लागूनही भार येताच व्होल्टेज कोसळणारे अडॅप्टर मी नेहमी पाहतो. गोल पिनच्या अडॅप्टरवर मल्टिमीटर लावल्यास त्यावर छापलेल्या आकड्याच्या, म्हणजे १९, १९.५ किंवा २० व्होल्टच्या, अगदी जवळ वाचन यायला हवे. पण हे वाचन भाराविना असते, म्हणून त्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच किंवा जास्त वॅटचा आणि त्याच पिनचा दुसरा चांगला अडॅप्टर लावून पाहणे हीच खरी कसोटी आहे. डेल आणि एचपीच्या अनेक अडॅप्टरांत मधली बारीक पिन वीज देण्यासाठी नसते, तर अडॅप्टरची ओळख पटवण्यासाठी असते. ती वाकली किंवा तुटली तर बॅटरी चार्ज होत नाही. यूएसबी-सी अडॅप्टरवर मात्र मल्टिमीटर लावून काहीच कळत नाही, कारण लॅपटॉपशी बोलणी झाल्याशिवाय तो २० व्होल्ट देतच नाही. अडॅप्टरची पिन लॅपटॉपच्या जॅकमध्ये हलत असेल, तर जॅकच सैल झालेला असू शकतो. अनेक मॉडेलांत तो जॅक वायरने जोडलेला सुटा भाग असतो आणि सोल्डरिंगशिवाय बदलता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे साचलेला विद्युतभार काढून टाकणे. अडॅप्टर काढावा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी आणि पॉवरचे बटण सलग ३० सेकंद दाबून धरावे. बॅटरी आत असेल, तर झाकण उघडून तिचा कनेक्टर सोडवावा. काही लॅपटॉपांना यासाठी मागे टाचणीच्या आकाराचे छिद्र दिलेले असते. त्यानंतर फक्त अडॅप्टर लावून सुरू करून पाहावे. वीज नियंत्रित करणारी चिप कधी कधी अडकून बसते, विशेषतः विजेच्या चढउतारानंतर, आणि एवढ्याने ती पुन्हा कामाला लागते. तिसरी गोष्ट बॅटरीची. ती निकामी होऊन यंत्राला अडवत असेल, तर बॅटरी सोडवून अडॅप्टरवर लॅपटॉप सुरू होतो. मात्र झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली तर सगळे प्रयोग थांबवावेत; तिला टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्ज करू नये.

रॅम आणि पडद्याच्या तपासण्या आपल्याला लागू होत नाहीत, कारण आपल्या यंत्राचा दिवाच लागत नाही. ज्यांच्या लॅपटॉपचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा राहतो, त्यांनी मात्र रॅमच्या पट्ट्या काढून, त्यांची टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, एकेक पट्टी वेगवेगळ्या खाचेत लावून पाहावी. एचडीएमआयने टीव्ही जोडून पाहावा आणि अंधारात पडद्यावर टॉर्च तिरका धरावा. अंधुक चित्र दिसले तर बोर्ड बहुधा ठीक असून फक्त पडद्यामागचा प्रकाश गेलेला आहे. कंपनीचे चिन्ह दिसून पुढे विंडोज चढत नसेल, तर बहुधा डिस्कचा किंवा सॉफ्टवेअरचा प्रश्न असतो आणि तिथे दुरुस्ती करावी की नाही हा विचारही सहसा करावा लागत नाही, कारण जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान साठवण, बसवणे जवळजवळ नेहमीच फायद्याचे ठरते.

घरच्या तपासण्या करूनही दिवा लागला नाही, तर बिघाड बोर्डाच्या पॉवर सेक्शनमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागात, असण्याची शक्यता मोठी आहे. इथे आतली रचना थोडी समजून घेतली, तर दुकानदाराशी बोलताना आपल्याला अधिकाराने प्रश्न विचारता येतील. अडॅप्टरचे १९ व्होल्ट प्रवेशावरच्या मॉसफेट या विजेच्या स्विचमधून बोर्डाच्या मुख्य वाहिनीवर येतात. त्यातून ३.३ आणि ५ व्होल्टचा, यंत्र बंद असतानाही चालू राहणारा पुरवठा तयार होतो. त्यावर बाजारात जिला आयओ म्हणतात ती नियंत्रक चिप जागी होते. आपण बटण दाबले की ती चिप क्रमाक्रमाने रॅमचा, चिपसेटचा आणि शेवटी प्रोसेसरचा पुरवठा सुरू करते, आणि बायोसचे काम सुरू होते. या साखळीतली एक कडी तुटली तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते: काहीच होत नाही.

चांगला तंत्रज्ञ अडॅप्टरऐवजी डीसी पॉवर सप्लाय जोडून बोर्ड किती अँपिअर खेचतो हे पाहतो. करंट शून्य असेल तर वीज प्रवेशातूनच पुढे जात नाही. करंट एकदम मर्यादेला भिडला तर मुख्य वाहिनीवर शॉर्ट आहे. बटण दाबल्यावर आकडा थोडा चढून पुन्हा खाली आला तर पुढच्या क्रमात कुठेतरी अडथळा आहे किंवा बायोसचा मजकूर बिघडला आहे. शॉर्ट झालेला सिरॅमिक कपॅसिटर ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असतो आणि त्याची किंमत काही रुपये असते. आपण पैसे देतो ते तो शेकडोंमधून शोधून काढण्याच्या कौशल्याचे, आणि ते द्यायलाच हवेत. बायोसचा मजकूर बिघडला असेल तर आठ पायांची ती चिप प्रोग्रामरवर पुन्हा लिहिता येते. मात्र लिहिण्यापूर्वी मूळ मजकुराची प्रत काढून ठेवायला सांगावे, कारण यंत्राचा अनुक्रमांक आणि कंपनीने दिलेल्या विंडोजची किल्ली त्यातच असते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात असे चिप लेव्हल, म्हणजे बोर्डावरचा एकेक भाग शोधून बदलण्याचे, काम करणारे लोक आहेत, आणि इतर मोठ्या शहरांतही आहेत. पण गल्लीतल्या अनेक दुकानांत हे काम होत नाही. तिथे बोर्ड बदलणे हाच एक उपाय माहीत असतो. आपल्याला साडेनऊ हजारांचा आकडा मिळाला, तो मला तसाच वाटतो. त्यात लबाडी असेलच असे नाही, पण तो त्या दुकानाच्या मर्यादेतून आलेला आकडा आहे. बदलून मिळणारा बोर्डही बहुधा दुसऱ्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढलेला, तितकाच जुना असतो आणि त्यावर महिना-तीन महिन्यांपलीकडे हमी मिळत नाही. शिवाय कंपनीने दिलेला विंडोजचा परवाना मूळ बोर्डाशी बांधलेला असतो, आणि कुलूपबंद डिस्क नव्या बोर्डावर रिकव्हरी की मागते. या गोष्टी पैसे देण्याआधी क्वचितच कोणी सांगते.

दोन प्रसंगी चिप लेव्हल दुरुस्तीही मी नाकारायला सांगतो. पहिला, पाणी किंवा चहा सांडून बराच काळ लोटलेला असेल तर. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेतही बोर्डावर गंज धरतो, पण सांडलेल्या द्रवाचा गंज चिपांच्या खाली पसरत जातो. एक जागा दुरुस्त केली की काही महिन्यांनी दुसरी जागा उघडी पडते. झाकण काढल्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढल्यासारखे भाग फक्त एका कोपऱ्यात असतील तर गोष्ट वेगळी, बोर्डभर असतील तर थांबावे. दुसरा प्रसंग म्हणजे "ग्राफिक चिप गरम करून चालू करून देतो" असे सांगितले जाते तो. हॉट एअरने तापवल्यावर चिप काही आठवडे चालते, कारण आतल्या तडा गेलेल्या जोडण्या तात्पुरत्या टेकतात. मूळ दोष तसाच राहतो. ज्याच्या घरात पैसे मोजून खर्च करावे लागतात, त्याच्याकडून यासाठी पैसे घेणे मला अन्यायाचे वाटते. आपल्या प्रोसेसरला स्वतंत्र ग्राफिक चिपची जोड नसेल तर हा प्रश्नच येणार नाही. परंतु प्रोसेसरही बोर्डावरच डकवलेला असतो, म्हणून तो स्वतः निकामी झाला असेल तर बोर्डाची कथा तिथेच संपते.

आता हिशेब. दुरुस्तीवरचा खर्च मी दोन भागांत पाहतो. एसएसडी, अडॅप्टर, काही प्रमाणात रॅम, यांवर खर्च केलेला पैसा लॅपटॉप पुढे पुन्हा बंद पडला तरी आपल्याबरोबर राहतो. एसएसडी दुसऱ्या यंत्रात बसते किंवा बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते. बोर्डावर, जॅकवर, बिजागरीवर आणि आतल्या बॅटरीवर केलेला खर्च त्या यंत्राबरोबरच जातो. आठ-नऊ वर्षांच्या लॅपटॉपवर हा दुसऱ्या प्रकारचा खर्च, त्याच्याइतके किंवा त्याहून बरे रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण तपासून-दुरुस्त करून विकलेले, यंत्र ज्या किमतीला मिळते तिच्या एक चतुर्थांशाच्या आत असावा, आणि एसएसडी धरून एकूण खर्च निम्म्याच्या आत असावा, असा माझा दंडक आहे. त्याहून अधिक खर्च झाला तर पंखा, बिजागरी, पडदा यांपैकी पुढच्या जुन्या भागाच्या बिघाडासाठी हातात काही उरत नाही.

तुलना नव्या लॅपटॉपशी न करता रिफर्बिश्ड यंत्राशी करावी, असे मी मुद्दाम म्हणतो. नव्या लॅपटॉपच्या किमतीशेजारी साडेनऊ हजार नेहमीच स्वस्त वाटतात. पण कार्यालयांतून परत आलेले थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९० किंवा एलिटबुक ८४० जी५ यांसारखे लॅपटॉप आपल्या सातव्या पिढीच्या यंत्राहून फक्त एका पिढीने पुढचे असले, तरी तो फरक मोठा आहे: आय५-७२००यू मध्ये दोन कोअर आहेत, तर आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू मध्ये चार. याच मॉडेलांच्या काही आवृत्त्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरसहही विकल्या गेल्या आहेत, म्हणून विकत घेताना मॉडेलच्या नावावर न जाता प्रोसेसरचा क्रमांक पाहावा.

पिढीचा हा फरक विंडोजमुळे आणखी महत्त्वाचा ठरतो. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी जाहीर झालेली सुरक्षा अद्यतनांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, त्यामुळे आपले यंत्र अधिकृतपणे त्यात बसत नाही. आडवाटेने विंडोज ११ बसवणारे पुष्कळ आहेत. व्यवसायाचे हिशेब असलेल्या यंत्रावर मी तो सल्ला देणार नाही, कारण पुढचे मोठे अद्यतन मिळेलच याची खात्री नसते. विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत कार्यप्रणाली लिनक्स मिंट या यंत्रावर ८ जीबी रॅम आणि एसएसडीसह उत्तम चालेल. इंटरनेट, व्हिडिओ वर्ग, पीडीएफ, लिबरऑफिस आणि इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकलेखन ही सगळी कामे त्यावर व्यवस्थित होतात. टॅलीप्राइम मात्र विंडोजसाठीच आहे. यातून आपल्या दोन गरजा आपोआप वेगळ्या होतात: मुलीच्या अभ्यासाला दुरुस्त झालेला जुना लॅपटॉप पुरेल, व्यवसायाच्या हिशेबाला पुरणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा. साडेनऊ हजारांचा बोर्ड बदलू नये. डिस्क काढून घरी ठेवावी आणि लॅपटॉप चिप लेव्हल काम करणाऱ्याकडे फक्त तपासणीसाठी द्यावा. तपासणी शुल्क किती आणि दुरुस्ती नाकारली तरी ते लागेल का, हे आधी विचारून घ्यावे. तपासणीचे वेगळे पैसे मागणाऱ्याबद्दल संशय धरू नये, उलट तो काम पाहूनच आकडा सांगणार आहे असे मानावे. निदान लेखी मागावे: कोणत्या सेक्शनमध्ये दोष आहे, कोणता भाग बदलणार, काढलेला भाग परत मिळेल का, हमी किती दिवसांची. उत्तर प्रवेशाचा मॉसफेट, शॉर्ट कपॅसिटर, ३.३/५ व्होल्टची आयसी (चिप), चार्जिंग आयसी किंवा बायोस यांपैकी असेल आणि आकडा वर सांगितलेल्या मर्यादेत असेल, तर खुशाल दुरुस्ती करावी, त्यात एसएसडी घालावी आणि यंत्र मुलीला द्यावे. उत्तर प्रोसेसर, पसरलेला गंज किंवा "बोर्डच बदलावा लागेल" असे असेल, तर तपासणीचे पैसे देऊन लॅपटॉप परत आणावा. दोन्ही प्रसंगी टॅलीसाठी आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे रिफर्बिश्ड यंत्र घ्यावेच. दुरुस्ती झाली नाही तर मुलीलाही तूर्त त्यावरच अभ्यास करता येईल.

दुरुस्ती नाकारलेला लॅपटॉपही किमतीचा असतो. चांगला पडदा, कीबोर्ड, रॅम आणि अडॅप्टर यांना सुट्या भागांच्या बाजारात गिऱ्हाईक असते, आणि दुरुस्ती करणारी दुकाने असे "डेड" लॅपटॉप विकत घेतात. जुनी हार्डडिस्क मात्र त्यासोबत देऊ नये. तिच्यावरची माहिती दोन ठिकाणी उतरवून, प्रत्येक प्रतीतल्या फायली उघडून पाहून, मगच ती पुसावी किंवा तिसरी प्रत म्हणून कपाटात ठेवावी. कोणीच विकत घेत नसेल तर लॅपटॉप आणि विशेषतः बॅटरी घरच्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार उत्पादकांवर जुनी उपकरणे नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्यांमार्फत मार्गी लावण्याची जबाबदारी आहे. आपल्या लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर तो परत देण्याची सोय आणि जवळच्या संकलन केंद्राचा पत्ता शोधावा. तिथे देताना बॅटरी सोडवून, तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळी द्यावी.